तारण म्हणजे बँकेतलं का? दृढीकरणाच्या वर्गातल्या चिठ्ठ्या

महूवाली

सलाम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. पणजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीपायी महूला आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, मुलांच्या शाळेत इंग्रजी. नाताळात आमच्या ताटात करंजी आणि लौंगवाली शेव शेजारी-शेजारी असतात, त्यावरून काय ते ओळखा.

यंदा पाळकसाहेबांनी दृढीकरणाचा वर्ग माझ्या गळ्यात घातला. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुलं जाणती झाली की बिशपांसमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाने 'माझा विश्वास आहे' म्हणतात, तो हा विधी. माझ्याकडे सात जण आहेत, तेरा ते सोळा वर्षांचे. दर शनिवारी संध्याकाळी घरी येतात. पहिल्या दिवशी 'काही शंका?' विचारलं तर सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मग मी शेवेच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली आणि म्हटलं, नाव न घालता चिठ्ठ्या टाका. एकोणीस निघाल्या. मुलं सात आणि चिठ्ठ्या एकोणीस!

पहिलीच अशी: "तारण म्हणजे नक्की काय? आत्या सोनं तारण ठेवते, तसं का?"

आता मी नोकरी करते बँकेत, सोनेतारण कर्जाच्या टेबलावर. पंचेचाळीस वर्षं 'येशू माझा तारणारा' म्हणतेय आणि वीस वर्षं तारणाच्या पावत्या फाडतेय. दोन्ही एकच शब्द आहे हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

बाकीच्यांपैकी काही देते. "येशू देवाचा मुलगा, तर देवाची बायको कोण?" "तीन देव आहेत की एक? एकदाच काय ते सांगा." "डायनोसॉर कितव्या दिवशी केले?" "बायबलमध्ये खंडणी भरली असं लिहिलंय, खंडणी तर गुंड मागतात, देवाने कोणाला दिली?" "माझी बेस्ट फ्रेंड गणपती बसवते, ती नरकात जाणार का?" आणि एक चिठ्ठी, चार घड्या घातलेली: "२०२१ मध्ये आजोबांसाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. ते गेले. आमचं काही चुकलं का?"

लहानपणी मला यातल्या कुठल्याही प्रश्नाला 'असं विचारू नये' हेच उत्तर मिळालं. मला तसं करायचं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? ख्रिस्ती नसलात तरी लिहा.

रामबागकर

ताई, धागा वाचता वाचता पोहे थंड झाले. मी आपल्या क्रिश्चियन कॉलेजचा विद्यार्थी. १८८७ चं कॉलेज, किशोरकुमार जिथे शिकला तेच. तीन वर्षं तिथे काढली पण ख्रिस्ती धर्मातलं ओ की ठो कळलं नाही. कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कॅन्टीन जवळ होतं.

खंडणीचं वाचून हसलो. आमच्या वेळच्या इतिहासात खंडणी म्हणजे आपण राजपुतान्यातून वसूल करून आणायची रक्कम. होळकरांच्या गावात हा शब्द नीट समजावून सांगा म्हणजे झालं!

त्रैक्याचं (बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मात्र मला अवघड वाटत नाही. आमचा दत्त आहेच की. तीन शिरं, एक मूर्ती. तसंच ना?

पांढरीदाढी

सलाम ताई. मी नगरकडचा, पाळक होतो, आता निवृत्त आहे. खंडणीची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला किंवा मुलीला माझ्यातर्फे पेढा द्या. हा प्रश्न चौथ्या शतकात नाझियान्झच्या ग्रेगरी नावाच्या बिशपाने जवळपास याच शब्दांत विचारला होता.

गोष्ट अशी. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आलो. मूळ ग्रीक शब्द 'लुत्रॉन'. गुलामाला किंवा लढाईत धरलेल्या कैद्याला सोडवून आणायला जो पैसा मोजायचा, तो. आपल्या भाषांतरकारांनी त्याला खंडणी म्हटलं, तेव्हा ते चाललं. पुढे तो शब्द गुंडांनी पळवला, त्याला भाषांतरकार काय करणार!

तर कोणाला दिली? तिसऱ्या शतकात ओरिजेनसारखे धर्मपंडित म्हणाले, सैतानाला. ग्रेगरीने विचारलं, चोराला वर मोबदला द्यायचा? आणि बापाला, म्हणजे देवाला, दिली म्हणावं, तर आपल्याला डांबून ठेवलं होतं ते बापाने थोडंच? १०९८ च्या सुमारास अँसेल्म नावाच्या आर्चबिशपाने वेगळी मांडणी केली. खंडणी वगैरे नाही, माणसाने देवाचा मान राखायचा होता तो राखला नाही, ते देणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून देव स्वतः माणूस होऊन ते फेडतो. त्याच्या मागोमाग आबेलार्ड म्हणाला, हिशेब बाजूला ठेवा. एवढं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, तेच तारण.

हजार वर्षं झाली, मंडळीने, म्हणजे चर्चने, यातलं एकच खरं असा शिक्का मारलेला नाही. येशू आपल्यासाठी मेला, एवढं सगळे म्हणतात. 'साठी' म्हणजे कसं, इथे वाटा फुटतात. चौदा वर्षांच्या पोराला हे सांगायला हरकत नाही. मी माझ्या काळात सांगितलं नाही, अँसेल्म हेच एकमेव उत्तर म्हणून शिकवत राहिलो. आता वाटतं, घाबरत होतो.

महूवाली

पांढरीदाढी सर, शनिवारी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ग्रेगरीचं ऐकून दोन मुलं 'येस!' म्हणून ओरडली, जणू मॅच जिंकली.

तारणाचं मात्र मी माझ्या टेबलावरून सांगितलं. मराठीत तरणे म्हणजे बुडता बुडता वर राहणं, पार होणं. तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणं. त्यातूनच तारू, म्हणजे होडी. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्या, तेच क्रियापद. बँकेतलं तारण म्हणजे कर्ज बुडालं तर सावकाराला तारणारी वस्तू. म्हणजे शब्द एकाच घरातला, पण बँकेत सावकार तरतो आणि बायबलमध्ये कर्जदार.

मग बांगडीचं उदाहरण दिलं. बांगडी गहाण पडलीय. ती स्वतःहून लॉकरमधून चालत घरी येऊ शकत नाही. जिची आहे तिनेच पैसे भरून सोडवायची. जुन्या करारात रूथच्या गोष्टीत हेच आहे, हातची गेलेली जमीन जवळच्या नातेवाइकाने सोडवायची असते. हिब्रूत त्याला गोएल म्हणतात.

मुलं एक मिनिट गप्प. मग सगळ्यात धाकटी म्हणाली, "पण काकू, गहाण ठेवली मालकिणीने. यात बांगडीची काय चूक?"

सर, आता आदिपापावर लिहा. मी हरले.

पांढरीदाढी

आदिपापावर एका पोस्टीत लिहिणारा मी नव्हे! थोडक्यात एवढंच की आदामाचा दोष जन्मतःच आपल्या खात्यावर येतो, ही मांडणी मुख्यतः बिशप ऑगस्टीनची, पाचव्या शतकाच्या सुरुवातीची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या असं म्हणत नाहीत. त्यांच्या मते दोष नाही, दोषाचे परिणाम वारशाने येतात. बापाने शेत विकलं की मुलगा गुन्हेगार होत नाही पण भूमिहीन होतो, तसं. त्या धाकटीला म्हणावं, तुझ्या बाजूने निम्मी ख्रिस्ती दुनिया नसली तरी बराच मोठा भाग आहे. आणि हो, आदामाने खाल्लेल्या त्या फळाचं नाव बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, दिलेलं नाही. सफरचंद चित्रकारांनी घातलं.

नास्तिक_भिया

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. मत्तयात आणि लूकमध्ये येशूच्या वंशावळी आहेत. एका ठिकाणी योसेफाचा बाप याकोब, दुसरीकडे एली. दोन्ही खरं कसं? आणि २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठे आहे? मुलांना हे सांगता का, की फक्त गोड गोड?

आणि मुळात तेरा वर्षांच्या पोरांकडून 'माझा विश्वास आहे' वदवून घ्यायचं कशाला? मोठी होतील, ठरवतील.

महूवाली

भिया, सांगते. तारीख बायबलमध्ये नाही. २५ डिसेंबरची जुनी नोंद सापडते ती रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात. आर्मेनियन मंडळी अजूनही ६ जानेवारीला सण करते. काही जण म्हणतात रोमच्या सूर्यदेवाच्या सणावरून घेतली, काही म्हणतात २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले. मुलांना यात फारसा रस नव्हता. सुट्टी कधी मिळते एवढंच त्यांना हवं असतं.

वंशावळींचं खरं आहे. एक योसेफाची आणि एक मरीयेची, असं जुनं स्पष्टीकरण आहे, पण लूकच्या मजकुरात मरीयेचं नाव त्या यादीत नाही. मी मुलांना दोन्ही उतारे समोर ठेवून वाचायला लावले. मत्तय यादी अब्राहामापासून सुरू करतो, कारण त्याला येशू यहूद्यांचा राजा आहे हे दाखवायचंय. लूक पार आदामापर्यंत नेतो, त्याला येशू सगळ्या माणसांचा हवाय. मत्तयाच्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार बाया आहेत, आणि एकीचीही गोष्ट देवघरात सांगण्यासारखी सरळ नाही. पोरी त्यावरच तासभर अडकल्या. जुळत नाही ते जुळतं म्हणून मी सांगत नाही.

डायनोसॉरचंही तसंच. सहा दिवस म्हणजे घड्याळाचे सहा दिवस असं मानणारे ख्रिस्ती आहेत, आमच्या चर्चमध्येही आहेत. पण आमच्यातल्याच एकाने पकडलं की सूर्य चौथ्या दिवशी होतो, मग पहिले तीन दिवस मोजले कशाने? हीच अडचण ऑगस्टीनलाही पडली होती आणि त्याने ते दिवस आपल्यासारखे दिवस धरले नाहीत, डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी. मी पोराला म्हटलं, विज्ञानाच्या पेपरात जे शिकलास तेच लिही.

वदवून घेण्याबद्दल: पहिल्याच दिवशी सांगितलंय की 'नाही' म्हणता येतं. नाही म्हणता येत नसेल तर त्या 'हो'ला काय किंमत? त्यावरून काय झालं ते पुढे लिहीन.

आता रामबागकर काका, दत्ताचं. मलाही आधी तसंच सुचलं होतं, पण गोंधळ वाढतो. मुलांना दत्तात तीन वेगळे देव एकत्र आलेले दिसतात. ख्रिस्ती म्हणणं नेमकं ते नाही. तीन देव नाहीत, आणि एकच देव तीन मुखवटे बदलतो असंही नाही. आमच्याकडे पाणी, बर्फ, वाफ असं सांगायची पद्धत आहे, मीही लहानपणी तेच ऐकलं. पण तेच पाणी एका वेळी एकच काहीतरी असतं, आणि इथे तर येशू बापाशी बोलतो. तिसऱ्या शतकात साबेलियसचं नाव याच मताशी जोडलं गेलं आणि मंडळीने ते नाकारलं. म्हणजे संडे स्कूलमध्ये आम्ही निरागसपणे पाखंड शिकवत होतो!

'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही, हेही सांगितलं. पहिले शिष्य कट्टर एकेश्वरी यहूदी. त्यांनी येशूला प्रभू म्हणायला सुरुवात केली आणि तरी देव एकच असं म्हणत राहिले. हे दोन्ही एकत्र कसं धरायचं यावर तीनशे वर्षं भांडणं झाली. ३२५ साली नायसियाला आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला परिषदा भरल्या तेव्हा आजचा मतांगिकार, म्हणजे चर्चमध्ये म्हणायची विश्वासाची कबुली, आकाराला आला. म्हणजे हे कोडं कुणी बसून रचलेलं नाही, अनुभवाला शब्द पुरेनात तेव्हा केलेली जुळवाजुळव आहे.

आणि मुलांना ज्याने खरा धीर आला ती पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला तिचा बाप्तिस्मा झाला, वय पंचवीस. त्यानंतरही ती तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांमधून वाद घालत राहिली: त्रैक्य मला पटत नाही, तुम्ही म्हणता म्हणून मी मान डोलावणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, यावरही ती भांडली. पुढे हीच बाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करते, १९२२ मध्ये मरेपर्यंत. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे डाउट असले तरी चालतं?" मी म्हटलं, तिचं चाललं.

वसईकर

मी कॅथलिक, आमच्याकडे क्रूस म्हणतात, तुमच्याकडे वधस्तंभ. शब्दांचा विषय निघालाय म्हणून सांगतो. १६१६ चं ख्रिस्तपुराण घ्या. फादर स्टीफन्स इंग्रज, पण ओवी अशी लिहिली की लाजावं. त्याने स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. पण पवित्र आत्म्याची वेळ आली तेव्हा पोर्तुगीज वळणाचा 'स्पिरितु सांतु' तसाच ठेवला. स्वर्ग भाषांतरित करायला धजला, आत्मा नाही. माझ्या मते शहाणपणा होता. आमच्या पुतण्याने विचारलं होतं, पवित्र आत्मा म्हणजे चांगलं भूत का? हिंदी पिक्चर बघून 'आत्मा'चा तोच अर्थ राहिलाय.

हिब्रूत 'रुआख' म्हणजे वारा आणि श्वासही. मुलांना तेच सांगा. दिसत नाही, पण पतंग उडतो.

रामबागकर

दत्ताचं मागे घेतो. पण एक विचारतो, राग मानू नका. 'देवाचा पुत्र' हे माझ्या बायकोला कधीच पटलं नव्हतं. म्हणायची, देवाला संसार कशाला?

महूवाली

राग कसला काका, तीच तर चिठ्ठी होती. हिब्रू वळणात 'अमक्याचा पुत्र' म्हणजे त्या गुणाचा, त्या जातकुळीचा. याकोब आणि योहान या तापट भावांना येशूने 'गर्जनेचे पुत्र' म्हटलं होतं. आपण नाही का भूमिपुत्र म्हणत? मुलांना भूमिपुत्र लगेच कळला. मतांगिकार याहून पुढे जातो, पुत्र निर्माण केलेला नाही, बापाच्याच तत्त्वाचा आहे, पण त्यात शरीरसंबंधाची कल्पना कधीच नव्हती. दिव्यावर दिवा लावला तर पहिला कमी होत नाही आणि दुसरा वेगळा उजेड देत नाही. 'प्रकाशापासून प्रकाश' हे शब्द नायसियाच्या मतांगिकारातलेच.

काकूंचा प्रश्न चांगलाच होता. त्या वाचतात का इथे?

रामबागकर

नाही. मे २०२१ मध्ये गेली.

तुमच्या त्या चार घड्यांच्या चिठ्ठीसाठीच मी इथे रेंगाळलोय. आमच्याकडे महामृत्युंजयाचा जप चालू होता. तुम्ही त्या पोराला काय सांगितलंत?

महूवाली

काका, माफ करा. मला ठाऊक नव्हतं.

ती चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही. अक्षर ओळखलं होतं. पुढच्या शनिवारी तो लवकर आला, तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी पोह्यांना फोडणी देत होते. पाठ त्याच्याकडे होती, ते बरंच झालं.

मी काय सांगितलं नाही ते आधी. 'देवाची योजना होती' म्हटलं नाही. 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' म्हटलं नाही, हे वाक्य मी माझ्या वडिलांच्या वेळी सतरा जणांकडून ऐकलं होतं आणि सतराही वेळा उठून जावंसं वाटलं होतं. 'तुमचा विश्वास कमी पडला' हे तर नाहीच. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की आईबापाने? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापानेही नाही. म्हणून त्याला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

मग त्याने विचारलं, "मग ऐकलं का नाही?"

मी गेथशेमाने बागेतली रात्र सांगितली. उद्या मारणार हे येशूला कळलंय. तो जमिनीवर पडून बापाला म्हणतो, हा प्याला माझ्यापासून टळू दे. तीनदा. टळत नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ओरडतो, देवा, तू मला का टाकलंस? ते बाविसावं स्तोत्र आहे, पण मार्काने ते शब्द मुद्दाम येशूच्या बोलीत, अरामीत ठेवलेत: 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी'. ऐकणाऱ्यांच्या कानात ते तसेच राहिले असणार.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे येशूला पण 'नाही' मिळालं."

मी म्हटलं, हो. तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान मी मुद्दाम लगेच जोडलं नाही. ते मी मानते, त्यावरच तर सगळं उभं आहे, पण त्या क्षणी ते मलम म्हणून चोपडलं असतं तर आजोबांचं जाणं खोटं ठरलं असतं. का ऐकलं नाही, हे मला माहीत नाही असंच त्याला सांगितलं. पोहे खाल्ले त्याने, दोन वेळा.

रामबागकर

बरं केलंत.

पांढरीदाढी

ताई, पुनरुत्थान लगेच न जोडण्याबद्दल आमच्यासारख्यांनी एरवी तुमच्यावर टीका केली असती. मी करत नाही.

नरकाच्या चिठ्ठीबद्दल मात्र माझं मत जुनं आहे. ख्रिस्ताशिवाय तारण नाही, असं नवा करार म्हणतो आणि ते पातळ करू नये. मुलांना खूष करण्यासाठी काहीही सांगणं हेही खोटंच.

वसईकर

पातळ करायचं नाहीच, पण आमच्या मंडळीने १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तेही ख्रिस्तामुळेच, असं आम्ही म्हणतो. ज्याला त्याचं नाव माहीत नाही त्यालाही.

नास्तिक_भिया

म्हणजे तुमच्या पुण्याईवर आम्ही. बिना तिकिटाचे!

महूवाली

भिया, तिकीट कुणाकडेच नसतं, असंच ख्रिस्ती म्हणणं आहे. त्यालाच कृपा म्हणतात.

मी मुलांना दोन्ही मतं सांगितली, सरांचं आणि वसईकरांचं. माझा कल कुठे आहे तेही सांगितलं, कारण ते विचारणारच होते. पांढरीदाढी सर, तो तुमच्या बाजूला नाही. मग मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला. शेवटच्या दिवशी राजा मेंढरं एकीकडे आणि शेरडं दुसरीकडे करतो. हिवाळ्यात मारवाडचे मेंढपाळ कळप घेऊन माळव्यात उतरतात तेव्हा उज्जैन रोडवर गाडी थांबवून मुलांनी हे पाहिलंय, लांबून मेंढी कुठली आणि शेळी कुठली ते पटकन कळत नाही. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. ते गोंधळून विचारतात, कधी बुवा? त्यांच्या लक्षातही नाही.

कोण कुठे जाणार हे ठरवायचं काम मेंढपाळाचं आहे, शेजारच्या मेंढीचं नाही, एवढ्यावर मी थांबले.

जांभळी_सायकल

काकू मी तुमच्याच क्लासमधली. धागा आईने दाखवला. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका झाल्या तर सॉरी.

बेस्ट फ्रेंडवाली चिठ्ठी माझी होती. आता लपवून काय करू. मला खरं म्हणजे नरकाचं नव्हतं विचारायचं. ती मला तिच्या घरी आरतीला बोलावते आणि मी काहीतरी बहाणा करते, आणि मग ती नाताळात आमच्या घरी येऊन केक खाते आणि मला खूप ऑकवर्ड होतं. ते विचारायचं होतं. पण ते चिठ्ठीत नीट लिहिता नाही आलं.

आणि अजून एक. शाळेत सर हिंदीत ईसा मसीह म्हणतात, घरी येशू ख्रिस्त, तर ख्रिस्त हे आडनाव आहे का?

महूवाली

अगं! शनिवारी बोलू आरतीवर. बहाणा करू नकोस, एवढं आत्ताच सांगते. तिला खरं सांग: मी येईन, बसेन, प्रसाद आणि आरतीचं अजून ठरलेलं नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठवा आणि दहावा अध्याय नेमका यावरच आहे, मूर्तीपुढचं खावं की नाही. आणि त्याचंही उत्तर एका वाक्यात नाही.

ख्रिस्त आडनाव नाही. हिब्रूत माशीहा, म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. त्याचं अरबीतून मसीह झालं आणि ग्रीकमध्ये ख्रिस्तोस. हिंदी आणि मराठी दोघी एकच म्हणतात, एक अरबीच्या दाराने आली आणि एक ग्रीकच्या.

वसईकर

भियाला तुम्ही 'पुढे लिहीन' म्हणाला होतात, त्याचं काय?

महूवाली

हो. सातातला एक 'यंदा नाही' म्हणाला. सरळ, शांतपणे. कारण दिलं नाही आणि मी मागितलं नाही. त्याचे वडील घरी येऊन माझ्यावर बरेच तापले, वर्गात नको ते प्रश्न विचारायला लावले म्हणून. चहासुद्धा घेतला नाही. पाळकसाहेबांना मी कळवलं, ते म्हणाले, पुढच्या वर्षीही बिशप येतातच. वडिलांचं समाधान झालेलं नाही, आणि मला रात्री दोनदा वाटून गेलं की आपलंच चुकलं असेल. पण पोरगा शनिवारी येतो. सगळ्यांच्या आधी येऊन शेवेच्या डब्यात चिठ्ठी टाकतो.

या वेळच्या चिठ्ठ्यांत एकच नवीन निघाली: "येशू रडला असं लिहिलंय. तो कधी हसला का?"

सगळी शुभवर्तमानं चाळली. लाजराच्या थडग्यापाशी रडला, यरुशलेम पाहून रडला. हसला असं कुठेही नाही. सर?

पांढरीदाढी

'येशू हसला' असं वाक्य नाही, बरोबर. पण ताई, कुसळ आणि मुसळ आठवा. आपण म्हण म्हणून इतकं वापरतो की चित्र दिसेनासं झालंय. एका माणसाच्या डोळ्यातून अख्खं मुसळ बाहेर आलंय आणि तो तशा अवस्थेत शेजाऱ्याला म्हणतोय, थांब, तुझ्या डोळ्यातलं कुसळ काढतो. परूशांना, म्हणजे नियमांवर बोट ठेवणाऱ्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, तो म्हणतो, तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळता. मागल्या रांगेतली पोरं हे ऐकून खिदळली नसतील का? आणि ज्याने सांगितलं तो गंभीर चेहऱ्याने सांगत असेल?

जांभळी_सायकल

मुसळ म्हणजे काय?

रामबागकर

बेटा, आमच्या माळ्यावर एक आहे. शनिवारी काकूंच्या घरी घेऊन येतो. पत्ता तेवढा तुझ्या आईकडून कळव.

जांभळी_सायकल

ओके आजोबा. ती हसण्यावाली चिठ्ठी माझी नाहीये, पण मला पण बघायचंय.